एकदा उजेडात

पौषातली संध्याकाळ महाबळेश्वरच्या दरीवर उतरत होती. आधी केशरी, मग कुंकुमवर्णी, मग कडेकडेनं जांभुळलेली. नीलधूसर डोंगररांगांवरून तो मंद, सुवर्णकांत ओघ हॉटेलच्या पश्चिमेकडच्या खिडकीतून आत आला आणि शुभ्र पलंगपोसावर पसरला. ही खोली याच उजेडासाठी घेतली होती.

खिडकीपाशी कुमुदिनी उभी होती. वय चोपन्न. उद्या पहाटे पुण्याला निघायचं, परवा शस्त्रक्रिया, डावा स्तन काढायचा. त्याआधी तिला आपल्या अख्ख्या देहाचा एक फोटो हवा होता. एकच, पण सूर्याच्या उजेडात.

तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच. अहो, भलतं कसलं? दोन लेकरं पाजली, ती पदराआड. एकतीस वर्षं संसार केला, तो दिवा मालवून. नवरा गेला, पण त्यानंही हा देह उजेडात कधी पाहिला नाही. असा लज्जावगुंठित, मूक, सोशिक देह. कुणी न पाहताच त्यातलं निम्मं लावण्य जाऊ द्यायचं का? मला तरी ते पटत नाही.

फोटो काढणारी शलाका तिच्या लेकीच्या वयाची. एरवी नववधूंचे असे एकांतातले फोटो काढायची, तेही फक्त खिडकीच्या उजेडात.

"ताई, पंधरा मिनिटं आहेत," ती म्हणाली. "मग सूर्य डोंगराआड."

चोळी आधीच उतरवून ठेवली होती, तरी त्यातली बारा मिनिटं पदरानंच खाल्ली. तो खांद्यावरून उतरे, पुन्हा चढे. बोटं ऐकेनात. अखेर कुमुदिनीनं दरीकडे तोंड केलं, ऊर भरून एक श्वास घेतला आणि पदर सोडला.

आणि ती उजळली. कंठ उजळला, खांदे उजळले, ओघळलेलं, थकलेलं, दुधाचं ऋण फेडून रिकामं झालेलं वक्ष उजळलं. सायंप्रकाशानं त्या देहाला काही विचारलं नाही, नुसतं जवळ घेतलं. शलाकानं कॅमेरा डोळ्याला लावला.

नेमका तेव्हाच खाली दरीतल्या वाडीत पहिला दिवा लागला. कुमुदिनीला तो दिसला आणि तिचे हात आपसूक जुळले. तिन्हीसांजेला दिवा दिसला की हात जोडायचे, आईनं लावलेली सवय. मिटल्या डोळ्यांनी ती पुटपुटत राहिली, लेकरांसाठी, परवासाठी. कॅमेरा वाजला. डोळे उघडले तेव्हा सूर्य गेला होता.

फोटोत जोडलेले हात होते, कोपरं होती. हवं होतं ते हातांआड राहिलं.

"दिवा लावते, ताई. पुन्हा काढू."

"नको गं. विजेच्या दिव्याखाली दवाखान्यात पुष्कळ बघितलंय सगळ्यांनी."  फार वाईट वाटलं तिला, आणि त्याहून वाईट की चूक आपलीच. मग ती हळूच म्हणाली, "कॅमेरा ठेव. तू बघ. आहे तेवढ्या उजेडात नीट बघून घे."

शलाकानं कॅमेरा ठेवला.

कड्यांचा रंग गेला. आभाळाचा गेला. खांदे विझले, कंठ विझला. श्वासागणिक हलणारी एक फिकट गोलाई तेवढी उरली, मग तीही दिसेना. शलाका तरीही पाहत होती.