व्हिएन्नात चार दिवस एकटी

आमच्या खोऱ्यातली बाई एकटी व्हिएन्नाला निघाली की लोक दोनच गोष्टी विचारतात: ऑपरेशन आहे की घटस्फोट? मी म्हणाले, "काही नाही. कॉफी प्यायला चाललेय." बेकरीवालीने माझ्याकडे असं पाहिलं की दोन्ही असणार, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

चौतीस वर्षं आमची खानावळ आहे. नवरा एंगलबर्ट बिअर ओततो आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो. बाकीचं सगळं माझ्या गळ्यात. सोमवारी दारावर 'आज विश्रांती' अशी पाटी लागते आणि त्या दिवशी मी शेगडी घासते. साठी झाली तेव्हा घरच्यांनी हौसेने मला नवीन कढई दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर जाऊन तिकीट काढलं. गुरुवार ते रविवार.

"शुक्रवारी दुपारी परत येशील," एंगलबर्ट हसत म्हणाला. "रोझी, तुला एकटीला बसता तरी येतं का?"

बोलणं झोंबलं, कारण येतं की नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं.

गुरुवारी पोचले, बॅग ठेवली आणि कोपऱ्यावरच्या कॉफीगृहात शिरले. काळ्या कोटातला पिकल्या मिशांचा वेटर आला. नाव व्होंद्राक; सगळे त्याला 'हेर', म्हणजे 'श्रीयुत', व्होंद्राक म्हणत. छोट्या ट्रेमध्ये दुधाची कॉफी, शेजारी पाण्याचा पेला. मी पाच मिनिटांत कप संपवला, कप-पेला ट्रेमध्ये रचला, टेबल पुसलं, जाता जाता शेजारच्या टेबलावरच्या दोन बशाही उचलल्या आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाले.

"बाईसाहेब, कुठे?" हेर व्होंद्राक आडवा आला.

"भांडी आत ठेवते ना."

"एकतीस वर्षं हे काम करतोय मी. माझ्यात काही कमी दिसली का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सवय हो. माझी खानावळ आहे."

"इथे नाही ना?" त्याने ट्रे माझ्या हातातून काढून घेतला. "मग बसा गुपचूप."

बसले. आमच्याकडे कोणी एका कपावर तासभर बसलं तर मी त्याच्या कोपराभोवतीच फडकं फिरवते. इथे कोणी ढुंकूनही बघेना. पाणी संपलं की हेर व्होंद्राक न बोलता नवा पेला ठेवून जाई. पहिला तास पाय नुसते शिवशिवत होते. दुसऱ्या तासात ते गप्प झाले.

शुक्रवारी मी उलट्या दिशेच्या ट्राममध्ये बसले. चूक कळली, पण उतरले नाही. शेवटच्या थांब्यावर द्राक्षांचे मळे होते. भिंतीवर बसून पाव, चीज आणि एक पेला वाइन घेतली. कोणी मीठ मागितलं नाही. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते. लग्नाचं जेवण मीच रांधलं होतं. संध्याकाळी फोनवर एंगलबर्टला फुशारकीने सगळं सांगितलं, कॉफीगृहाच्या नावासकट. तेवढा गाढवपणा झाला.

शनिवारी सकाळी मी खसखशीचा केक खात होते, तर समोर एंगलबर्ट! डोक्यावर रविवारची हॅट, तोंडावर बारा वाजलेले.

"चल. अकराची गाडी आहे. गावातला म्हातारा क्रोटमायर गेला, उद्या त्याच्या मयताचं जेवण आपल्याकडे. ऐंशी माणसं!"

माझा हात आपोआप पर्सकडे गेला. ऐंशी माणसं म्हणजे पावाचे दोनशे चाळीस उकडलेले गोळे, मोठं पातेलं, शिळा पाव आजच भिजवायला हवा. मनाने मी स्वयंपाकघरात पोचलेसुद्धा. गेले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पण मग मरेपर्यंत माझा प्रत्येक दिवस असाच कोणीतरी हिरावून न्यायला येणार होतं.

मी पर्स खाली ठेवली.

"एंगलबर्ट, बेत फळ्यावर आहे, प्रमाण वहीत आहे. तुझे हात तुझ्याकडेच आहेत."

"अगं, मला गोळे कुठे येतात?"

"चौतीस वर्षं रोज खातोयस की. शीक. मी उद्या संध्याकाळी येईन, ठरल्याप्रमाणे."

"लोक काय म्हणतील?"

"ते बेकरीवालीला विचार."

त्याने मोठा उसासा टाकला आणि माझ्यासमोरची खुर्ची ओढली. तेवढ्यात हेर व्होंद्राक आला. त्याने हॅटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाईसाहेब, हे गृहस्थ आपल्यासोबत आहेत?"

एंगलबर्ट माझ्याकडे बघत राहिला. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. पण समोर अर्धा केक होता आणि अख्खा शनिवार.

"नाही," मी म्हणाले. "मी एकटी आलेय."