मिलिमीटर यांच्या फोटोखालची ओळ

मजकूर पहिला. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी लिहून पाठवलेला: 'कष्टाळू, निर्व्यसनी व मनमिळाऊ कारागीर.'

"मनमिळाऊ?" आईने चष्मा वर सरकवला. "काच कापताना कोणी शिंकलं तरी आठवडाभर अबोला धरणारा माणूस. दुसऱ्याच कोणाचं पाकीट आलंय, नीट बघ."

थोरलीने नीट बघितलं. बाबांचंच होतं. चौदा वर्षांपूर्वीच्या वादळात वाचनालयाच्या मोठ्या दालनातल्या झाडून साऱ्या काचा फुटल्या, तेव्हा बाबांनी नऊ दिवसांत एकट्याने त्या पुन्हा बसवल्या. म्हणून आता, ते गेल्यावर, त्या दालनात त्यांचा फोटो लागणार होता. फोटोखालच्या फळीवर एक ओळ. पेंटर चार वाजता यायचा होता. तोवर घरच्यांनी दुसरं काही सुचवलं नाही, तर ते मनमिळाऊ. कायमचे. हयातभर मापात काम केलेल्या माणसाला मेल्यावर कोणाच्याही अंगाला बसेल असा सदरा चढवायचा, हे थोरलीच्या जिवाला लागलं होतं.

दीड वाजला.

मजकूर दुसरा. थोरलीचा: 'सारं गाव ज्यांना मिलिमीटर म्हणायचं, ते.'

म्हणायचंच. बाबा काच चौकटीपेक्षा दोन मिलिमीटर लहान कापायचे. घाईतलं गिऱ्हाईक म्हणायचं, घट्ट बसवा की हो. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "लाकूड फुगतं, माणसासारखंच. काचेला अंग चोरायला जागा नको?" पुट्टी भरून झाली की काच आतून बघायची. मग जिना उतरून, इमारतीला वळसा घालून, बाहेरून बघायची. तिसरा मजला असला तरी. पाठीला उसण भरलेली असली तरी.

"फोटोखाली टोपणनाव?" धाकटा म्हणाला. "मग माझ्या फोटोखाली काय लिहाल?"

"तुझा फोटो लागायला आधी काहीतरी काम करावं लागेल," आई म्हणाली.

खोडलं.

मजकूर तिसरा. हा मजकूर नव्हेच. थोरलीने चौथीत लिहिलेल्या निबंधातलं वाक्य, अजून पाठ असलेलं: 'माझे बाबा आम्हाला जवळ येऊ देत नाहीत.' त्यावरून शाळेच्या बाई घरी आल्या होत्या.

झालं होतं ते असं. बाबा कामावरून आले की दाराबाहेर थांबायचे. पोरं धावत गेली की हात आडवा. "थांबा." बूट उलटे करून आपटायचे, विजारीची दुमड उलगडून झटकायची, सदरा बाहेरच उतरवायचा, पायरी ओल्या फडक्याने पुसायची, फडकं डब्यात टाकून झाकण लावायचं. मग आंघोळ. एवढं रामायण झालं, की "या." तोवर धावण्यातली हवाच गेलेली. शेजारचा बाप सायकलवरून उतरला की पोराला सरळ खांद्यावर घ्यायचा. थोरली खिडकीतून ते बघायची आणि तिला वाटायचं, आपल्याच नशिबी असला कोरडा माणूस का?

"त्या बाईंना बाबा काय म्हणाले होते गं?" थोरलीने विचारलं.

"काय म्हणणार? 'बरोबर लिहिलंय' म्हणाले. तुझ्या अक्षराचं कौतुक केलं." आईने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तुम्ही दोघं या घरात अनवाणी वाढलात. काचवाल्याच्या घरात. एकदा तरी पायात काच गेली?"

थोरलीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. धाकट्यानेही, नकळत.

"हेच लिहू या," ती म्हणाली.

"नको. ते आपलं आहे. भिंतीवर नाही लावायचं."

मजकूर चौथा. कोरा. तीन वाजून गेले तरी कोरा.

शेवटी दोघी वाचनालयात गेल्या, तर पेंटर आधीच हजर. फळीवर 'कष्टाळू'चा 'क' खडूने आखून तो ब्रश भिजवत होता.

"ओ, जरा दम धरा," थोरली म्हणाली. पुढे काय म्हणायचं ते तिला ठाऊक नव्हतं. तिने आईकडे पाहिलं. आई खिडक्यांकडे बघत होती, ओठ हलत होते.

"किती आहेत हो?" आईने ग्रंथपालांना विचारलं.

"एकशे बारा. नोंद आहे माझ्याकडे."

थोरलीला ओळ सापडली. ती घाईघाईने म्हणाली, "लिहा. 'या दालनाच्या एकशे बारा काचा यांनी एकट्याने बसवल्या. एकही फुटलेली नाही.'"

ग्रंथपालांनी घसा खाकरला. "एक फुटलीय. कबुतर धडकलं, गेल्या वर्षी. ती डावीकडून तिसरी काच दुसऱ्या माणसाने बसवलीय."

"असू द्या ना," पेंटर म्हणाला. "एकाने काय होतंय? कोण मोजायला येतंय?"

"ते आले असते," थोरली म्हणाली.

आई तिसऱ्या काचेपाशी गेली, पुट्टीवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं करून परत आली. थोरलीला हसू फुटलं. आठवडाभरात पहिल्यांदा.

"'एकशे बारा काचा यांनी बसवल्या,'" ती सावकाश म्हणाली. "'एकशे अकरा अजून आहेत.'"

"आणि उद्या आणखी एक फुटली तर?" पेंटरने विचारलं. "मी काय दरवेळी येत बसू?"

"मग तो आकडा तेवढा खडूने लिहा," आई म्हणाली. "आम्ही येऊन बदलू."

पेंटरने ग्रंथपालांकडे पाहिलं. ग्रंथपालांनी ती ओळ ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिली आणि मान डोलावली. पेंटरने ओला बोळा घेऊन 'क' पुसला.