चार मिनिटांचा बदल

एडेलट्राउडला यंदा वगळायचं हे रोझविटाने मनात कधीच ठरवलं होतं, आणि सांगायला वेळ निवडली ती गुरुवारी केक खातानाची. दर गुरुवारी पबच्या तळघरात चेंडू घरंगळवून लाकडी खुंट्या पाडणाऱ्या या क्लबातल्या बायका वर्षातून एकदा हॅनोव्हरमार्गे नॉर्डडाइखला समुद्रावर जायच्या. तिथवरचा स्वस्तातला प्रवास एकोणीस वर्षं एडेलट्राउडच आखत आली होती. महागड्या वेगवान गाड्यांच्या वाटेला जायचं नाही. गावोगाव थांबणाऱ्या गाड्यांचं पाच जणींत मिळून एक दिवसाचं तिकीट काढायचं आणि मध्ये तीनदा गाडी बदलायची. इतकी वर्षं त्या पाचच होत्या. यंदा जिग्रून क्लबात आली आणि सहा झाल्या.

"तिकिटावर नावं पाचच बसतात," रोझविटा म्हणाली. "आणि तुझा खुबा बदललाय, बाई. तू आपली कागदावर आखून दे. जाऊन आम्ही येतो."

"म्हणजे केक मी भाजायचा आणि खायचा तुम्ही."

"असं काय बोलतेस?"

"मी माझं वेगळं तिकीट काढते."

"तिकिटाचं काय घेऊन बसलीस? हॅनोव्हरला चार मिनिटांत फलाट बदलायचाय. तुझ्यासाठी कोण थांबणार? तू लंगडत येईस्तोवर गाडी जाईल आणि आम्ही तासभर तुझ्या नावाने खडे फोडत बसू."

बाकीच्या तिघी जुन्या बशीत डोकं घालून केक खात राहिल्या. एडेलट्राउडला जास्त राग आला तो त्यांचाच. रोझविटाची जीभ पहिल्यापासून तिखट, तिचं काय एवढं! पण या तिघींची आजारपणं, घटस्फोट, अंत्यविधी हिने निस्तरले होते. नवरा गेल्यापासून हा एक आठवडा सोडला तर ती वर्षभर कुठेच जात नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"घड्याळ लावा," ती म्हणाली. "आपल्याच स्टेशनात. एक नंबरच्या टोकापासून आठ नंबरच्या टोकापर्यंत, बॅगेसकट. चार मिनिटांत पोचले नाही तर घरी बसेन."

शनिवारी सकाळी सहाही जणी स्टेशनात हजर. जिग्रूनला तर जत्रेला आल्यासारखं वाटत होतं. मोबाइलवरचं घड्याळ तिच्याकडे होतं. एडेलट्राउड पळाली नाही. आदल्या दिवशी दुखण्याची गोळी घेऊन ती गुपचूप तीनदा हेच अंतर चालून गेली होती. पायऱ्या उतरली, भुयारातून गेली, पायऱ्या चढली. प्रत्येक पायरीला खुब्यात सुरी फिरत होती, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही.

"तीन एक्कावन्न," जिग्रून म्हणाली.

"बरं बाई, जिंकलीस," रोझविटा सिगारेट पेटवत म्हणाली. "काढू सहावीचं वेगळं तिकीट."

इथे एडेलट्राउड गप्प बसली असती तर सगळं गोडीत मिटलं असतं.

"आता तू," ती म्हणाली.

"मी कशाला? माझे पाय शाबूत आहेत."

"मग घाबरतेस कशाला? नियम काय मला एकटीलाच?"

"जा गं," तिघींपैकी एक म्हणाली. "चार मिनिटांचा तर प्रश्न." गुरुवारी हीच खाली मान घालून बसली होती.

रोझविटा तोऱ्यात निघाली. भुयारापर्यंत सगळ्यांच्या पुढे होती. वर चढताना मात्र चाळीस वर्षांच्या सिगारेटी छातीवर बसल्या. ती बॅग टेकवून पायरीवरच बसली, खोकत राहिली, आणि हात वर करून 'थांबा' म्हणाली. मोबाइल आता एडेलट्राउडच्या हातात होता. बोट टेकवलं असतं तर घड्याळ थांबलं असतं. तिने ते चालू दिलं. तिला आनंद झाला, अगदी नीच आणि उबदार आनंद.

"चार बेचाळीस," तिने वाचून दाखवलं.

तिकिटावर नावं तिनेच लिहिली. त्यात रोझविटा नव्हती.

"मी माझं वेगळं काढते," रोझविटा म्हणाली. आवाज अजून बसलेलाच होता.

"आणि तुझ्यासाठी थांबणार कोण?"

रोझविटाने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि ती बसने घरी गेली.

जुलैत पाच जणी निघाल्या. हॅनोव्हरचा बदल बिनबोभाट पार पडला. एडेलट्राउड सर्वांत शेवटी चढली, पण चढली. दरवाजे तिच्या पाठीलाच लागले म्हणा ना.

गाडी शहराबाहेर पडल्यावर जिग्रूनने डबा उघडून उकडलेली अंडी वाटली. "माझी शेजारीण म्हणतेय, क्लबात घ्या," ती म्हणाली. "पन्नाशीची आहे, रोज सकाळी पळायला जाते."

"घेऊ की," तिघींपैकी एक म्हणाली.

मग चौघींनीही एडेलट्राउडच्या पायाकडे पाहिलं. खुब्यातून कळा येत होत्या. तिने पाय सीटखाली ओढून घेतला, काहीच दुखत नसल्यासारखा चेहरा केला आणि अंडं सोलायला घेतलं.