नमुन्याचा तुकडा

कॅन्ससमधल्या त्या टीचभर गावात कापडाचं दुकान एकच, ऑरिन थ्रॉलचं. त्यामुळे प्रुइटबाईंपासून त्याची सुटका नव्हती. चार वर्षं दर शनिवारी बाई बग्गीतून उतरायच्या, वीस तागे उलगडायला लावायच्या आणि म्हणायच्या, "नमुन्याला तुकडा द्या, घरी उजेडात बघते." नमुना फुकट द्यायचा, हा दुकानदारांचा रिवाजच. पुढच्या शनिवारी बाई दुसऱ्या रंगासाठी हजर! या बाईला उजेड तरी किती लागतो, असं पुटपुटत ऑरिन दात-ओठ खात कात्री चालवायचा.

आज बाईंनी गाठोडं सोडून त्याच्यापुढे गोधडी पसरली. निळी फुलं, तपकिरी चौकडा, लाल ठिपके. एकूण एक तुकडा त्याच्याच ताग्यांतला! ऑरिनचं डोकंच सणकलं.

"बाई, अहो, हे सगळं माझं कापड!"

"मग! जत्रेत पहिलं बक्षीस मिळवते की नाही बघा. आता फक्त अस्तर राहिलंय."

चला, चार वर्षांनी एकदाची विक्री तरी! राग गिळून ऑरिनने पांढऱ्या कापडाचा तागा काढला. "किती वार देऊ?"

"आठ वार द्या नमुन्याला," बाई म्हणाल्या. "घरी उजेडात बघते."