पंचेचाळीसच्या अलीकडे

"कोटा, तुझी मालकीण दोनदा पेपर देऊन पास कावून नाही झाली?"

मित्रांनो, हा प्रश्न मला नूतनने विचारला. खरं तर तो तिने कमलिनीताईला, तिच्या मोठ्या बहिणीला, विचारायचा होता. वर्गातल्या मैत्रिणींनी पैजच लावली होती. पण ताईसमोर जीभ उचलेना, म्हणून तिने कपाट उघडून मला गाठलं.

मी वकिलीचा काळा कोट आहे. तसा फार जुना नाही, पण अंगावर न चढणारा कोट लवकर म्हातारा होतो.

पॉवर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारात मला शिवलं. ताईचे वडील कृष्णरावबाबा पोलादाच्या प्लांटमधल्या ड्यूटीवरून थेट मला न्यायला आले आणि हात पुसून मगच त्यांनी मला धरलं. दुर्गच्या कोर्टात मी काय मिरवलो! भागाबाई नावाची म्हातारी अशील तर माझी बाही धरूनच ताईशी बोलायची.

पण ताईचा वकिलीचा परवाना कच्चा होता. दोन वर्षांच्या आत वकिलांची परीक्षा पास व्हावी लागते. शंभर प्रश्न, पास व्हायला पंचेचाळीस. कायद्याची पुस्तकं सोबत चालतात आणि उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. सोपं वाटतं ना?

आमच्या घरी मात्र प्लांटचा नियम. डाउट असेल तर व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, हे बाबांनी मुलींना लहानपणापासून शिकवलं. वरून इथले कोचिंग क्लास, जिथे प्रत्येक चुकीला मायनस मार्क. परीक्षेत मायनस नाही हे ताईला ठाऊक होतं, तिच्या हाताला नव्हतं. शंका आली की पेन थांबायचं. पहिल्यांदा एक्केचाळीस, दुसऱ्यांदा त्रेचाळीस.

दोन वर्षं संपली, परवानाही गेला. ताई आता रसमड्याच्या एका कारखान्यात टायपिंग करते. परीक्षेचे फॉर्म पुन्हा निघाले, तिने भरला नाही. आई म्हणते, हा कोट भांडेवालीला देऊन टाकू, बदल्यात एक गंज-पातेलं तरी येईल. मलाही वाटतं, माझं आता काही व्हायचं नाही. मित्रांनो, कोट जपायचा असेल तर डांबराच्या गोळ्या घालू नका, अंगात घाला.

नूतनने मला विचारलं त्या दिवशी कपाट उघडंच राहिलं, म्हणून जेवतानाचं सगळं मी पाहिलं-ऐकलं. नूतनने शेवटी ताईला विचारलंच.

"उत्तरपत्रिकेतले बावीस गोल कोरे सोडले होते," ताई भात कालवत म्हणाली. "आता त्या गोष्टीचं नाव नको काढू."

"डाउट होता तर सोडले. बरोबरच केलं पोरीनं," बाबा म्हणाले.

ताई हसली. ते हसू माझ्याच्यानं पाहवेना.

नूतनने ताट सरकवलं. "बाबा, आई, सांगून ठेवते. या संडेच्या कोचिंगच्या टेस्टमध्ये मी एकबी गोल कोरा सोडणार नाही. डाउट असला तरी भरीन. मायनस आले तर येऊ द्या."