बारा मिनिटं

तपासणी केंद्रात तिला सगळे भिंगबाई म्हणत. बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? शिस्त कडक. रक्ताची काच अर्धा तास रंगात ठेवायची, आणि शंभर जागा पाहिल्याशिवाय ‘मलेरिया नाही’ असं लिहायचं नाही. घाई करणाऱ्या डॉक्टरांनाही ती फैलावर घ्यायची.

आणि सख्ख्या भावाच्या वेळी तिनंच माती खाल्ली. दादा कालव्याच्या कामावरून ताप घेऊन आला. तिथं साचलेल्या पाण्यात डास माजलेले. बाहेर बाकावर तो हुडहुडी भरून बसला होता, शेजारी वहिनी. त्याचे हाल भिंगबाईला बघवेनात. बाराव्या मिनिटाला काच रंगातून काढली, फिकी तर फिकी म्हणत भराभर पाहिली आणि सांगून टाकलं, काही नाही, साधा ताप आहे.

चौथ्या दिवशी दादा बरळायला लागला. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, मलेरियाच आहे, मेंदूत गेलाय. पहिल्या दिवशी गोळ्या मिळत्या तर वाचायची आशा मोठी होती. आता शिरेतून औषध चालू होतं, पण तो डोळे उघडत नव्हता.

भिंगबाईनं केंद्रात येऊन तीच काच पुन्हा रंगात घातली. या खेपेला अर्धा तास बसून राहिली. रडू आलं नाही, काहीच आलं नाही. तिसऱ्याच जागी अंगठीच्या आकाराचे जंतू दिसले, मग जिकडेतिकडे तेच. तरी तिनं शंभर जागा पुऱ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला.

घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी एकच सांगत होती, ताप आला त्याच दिवशी तपासायला नेलं, घरचंच माणूस तपासणारं, आमच्याकडून काही कमी पडलं नाही. तेवढ्याच आधारावर ती बसली होती. भिंगबाई ऐकत होती. तोंड मिटून बसली असती तर कुणाला कळणार होतं? माणसं पांगल्यावर ती वहिनीजवळ जाऊन बसली.

“मलेरिया तेव्हाच होता, वहिनी. मी काच लवकर काढली. तुम्हाला ताटकळत ठेवायचं जिवावर आलं.”



“आम्ही बसलो असतो,” वहिनी म्हणाली. “आम्हाला कुठं जायचं होतं?”