दुनकॅराचं छप्पर

मी एक जुना किल्ला आहे, असं सांगायचीसुद्धा आता लाज वाटते, मित्रांनो. किल्ल्याच्या डोक्यावर छप्पर असतं. माझ्या डोक्यावर कावळे बसतात.

स्कॉटलंडच्या डोंगरात, खाऱ्या पाण्याच्या काठी, खडकावर मला बांधलं. नाव ठेवलं दुनकॅरा. भिंती आठ फूट जाड, पोटात दगड-चुन्याचा भराव. दार पहिल्या मजल्यावर. शिडी वर ओढली की शत्रू खाली बोंबलत बसे. तीनदा तोफा झेलल्या, पण जागचा हललो नाही. त्याचा मला फार तोरा होता.

मोठ्या दालनातली आग शोनाग सांभाळायची. निजण्यापूर्वी निखारे राखेत झाकायची, सकाळी फुंकून जागे करायची. तीनशे वर्षं ती आग विझली नव्हती. कुळाचा नायक टॉरकिल हिच्याच दुधावर, हिच्याच घरी वाढला होता. आमच्याकडे नायकांची पोरं अशीच दूधआईकडे वाढत.

टॉरकिलने खाली दरीत मोठ्या खिडक्यांचं नवं घर काढलं. वासे कमी पडले, छपराच्या दगडी पाट्याही कमी पडल्या. मग त्याने माझ्या छपराकडे पाहिलं.

"अरे, मग भिंतींचं काय होईल?" शोनाग म्हणाली.

"दूधआई, तोफेला ज्यांनी भीक घातली नाही, त्या पावसाला भिणार होय?"

"दूध माझं प्यायलास, अक्कल कुठे सांडलीस रे? तोफ येते नि जाते. इथला पाऊस मुक्कामाला असतो!"

सगळे हसले. खरं सांगतो, मीही मनात हसलो.

आठ दिवसांत छप्पर उतरलं. नवव्या दिवशी पाऊस आला. शोनाग अंगावरची शाल आगीवर धरून उभी राहिली. शाल भिजली, आग विझली. तरी तिने सवयीने त्या ओल्या निखाऱ्यांवर राख लोटली.

मग पाणी वरून भिंतींत उतरू लागलं. चुना हळूहळू वाहून गेला. बाहेरून मी धडधाकट, आतून भुसभुशीत. विसाव्या हिवाळ्यात पाण्याकडची भिंत एका सकाळी आपोआप बसली.

टॉरकिल काठी टेकत वर आला. केस पिकले होते, शोनागही जाऊन बरीच वर्षं झाली होती. नव्या घराच्या छपरातली एक पाटी त्याने काखेत आणली होती. पण ती लावायला वर एक वासा उरला नव्हता. शेवटी त्याने ती शोनागच्या थंड चुलीवर झाकली. "चुकलो गं, दूधआई," म्हणाला आणि तिथेच खाली बसला.

मित्रांनो, कधीच कुरकूर न करणारं एखादं माणूस तुमच्याही घरात असेल. ते खंबीर आहे, त्याला काय होतंय, असं म्हणू नका. त्याच्या डोक्यावरचं छप्पर राखा.

ती पाटी अजून आहे. माझ्या अंगावर तिच्याखालची तेवढीच जागा कोरडी आहे.